पंचमी लांबली ते वर्ष

यंदा ज्येष्ठ दोन आले. पहिला अधिक, दुसरा निज. पुण्यात मी ज्यांच्या माडीवर राहतो त्या काकू सकाळपासून अनारसे तळत आहेत. गुळाचा, तुपाचा, भाजत आलेल्या खसखशीचा वास जिन्याने वर येतो. मी एकदा दार लावून घेतलं. मग काकूंना काय वाटेल म्हणून पुन्हा उघडलं. सुटी संपवून परवाच गावाहून परतलो आहे, महिना अजून सरलेला नाही, आणि समोर पुस्तक उघडं असूनही वाचवत नाही.

घरी जे पाहून आलो ते लिहावंसं वाटतं. पण ते सांगायचं तर आधी तीन वर्षांमागचा श्रावण सांगावा लागतो, आणि तो मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलं नव्हतं. मनातलं बोलायचीही आमच्याकडं फारशी रीत नाही. माणसं पाण्यापावसाचं बोलतात, बैलांचं बोलतात, आणि बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या वाटेवर. आम्ही माळी. नदीलगतच्या तुकड्यात झेंडू, शेवंती आणि थोडा मोगरा, कडेला वांगी-मिरच्या. लहानपणी माझ्या अंगाला झेंडूच्या पाल्याचा वास येई, आणि शाळेतली पोरं त्यावरून चिडवीत. मग दूर अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्याकडचा कापूस सोन्यासारखा झाला. ज्यांनी कधी पायात वहाण घातली नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बाबांनीही झेंडूचे वाफे मोडले आणि पऱ्हाटी लावली. कपाशीला आमच्याकडं पऱ्हाटीच म्हणतात. मायनं विचारलं, देवाले फुलं कुठून आनायची? बाबा म्हणाले, "देव बी पऱ्हाटीच पाहून राहिला आता." त्यावर माय हसली नव्हती. तिनं विहिरीजवळची झेंडूची एक ओळ तेवढी मोडू दिली नाही.

सगुणा माझी थोरली बहीण. मी तिला बाई म्हणत असे. तिला अकोटला दिली होती, चांगल्या खात्यापित्या घरी, काळ्या जमिनीच्या मोठ्या शेतावर. तेजीची वर्षं तिला सासरीच लागली. अक्षय तृतीयेला तिला धाडली नाही. घरात चरख्या चालू होत्या, सरकी काढायला हात हवे होते. आषाढात पेरणी. मायनं मग नागपंचमीवर डोळे लावले. पंचमीला लेक अडवून ठेवील असं सासर आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. झोका बांधायचं लिंबाचं झाडसुद्धा मायनं बाबांकडून आधीच खालून छाटून घेतलं होतं.

आणि आषाढाच्या शेवटी गावच्या भटजींनी मारुतीच्या पारावर सांगितलं की यंदा श्रावण दोन.

माय फुलांची टोपली घेऊन तिथंच उभी होती. तिनं विचारलं, "म्हंजे पंचमी?"

"पंचमी निज श्रावणात. सगळे सण निजात. महिनाभर पुढं गेलं समज."

"हा महिना कोनं वाढवला, महाराज?"

भटजी हसले. "सूर्य-चंद्रांनी वाढवला, बाई. आपण कोण?"

"त्याहीले लेकी नसतील," माय म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी आली.

ज्यांनी तो महिना घरात पाळलेला पाहिला नाही त्यांना तो कसा असतो हे कसं सांगावं? श्रावण असतो, पण सण नसतात. हिरवं सगळं तेच, रानात तेरडा तोच, पण लग्न नाही, मुंज नाही, नव्या घराचा पाया नाही. जणू कुणी पाहुणा आला आहे आणि त्याच्याशी काय बोलावं हे कुणाला सुचत नाही. बायका मात्र त्या महिन्यात फार कामात असतात. झुंजुमुंजू होताच नदीवर आंघोळ, एक वेळ जेवण, जेवताना मौन, तुळशीपुढं तुपाचा दिवा. माय ओल्या लुगड्यानं नदीवरून येई तेव्हा तिच्या पावलांना काळी माती वहाणेसारखी चिकटलेली असे. दुपारी पारावर पोथी. पोथीत सांगतात की या महिन्याला कोणी देव आपला म्हणेना. मळका म्हणून सगळे हिणवत. तो रडत रडत विष्णूकडं गेला, आणि विष्णूनं त्याला पोटाशी धरून आपलं नाव दिलं. सगळ्या बायका त्या ठिकाणी हात जोडत. माय हात जोडून हळूच म्हणाली, "त्याले तरी रडाले जायाले जागा होती."

शेजारची गंगाकाकू म्हणाली, "अवं, पोथी आयक ना."

"आयकूनच तर राहिली," माय म्हणाली.

पोथी ऐकतानाच तिला ते सुचलं असावं. हा महिना जावयाचाही असतो. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. त्यांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहेतीस अनारसे दिव्यासह वाण द्यायचं. पंचमी लांबली तर लांबली. ज्या महिन्यानं लेकीची वाट अडवली त्याच महिन्याच्या नेमानं तिला आणायची. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत होतो. मायचा निरोप आला: तांदूळ आण, खसखस आण, आणि तू स्वतः ये, मुऱ्हाळी म्हणून अकोटला जायचं आहे. लेकीला आणायला सासरी जाणारा मुऱ्हाळी बहुधा धाकटा भाऊच असतो. अमरावतीच्या बाजारात तेव्हा तांदूळ मिळणं सोपं नव्हतं. साऱ्या मुलखात धान्याच्या जागी पऱ्हाटी उभी होती.

अकोटला पोचलो तेव्हा घरी कोणी नव्हतं. सगळे शेतात निंदणाला, गवत काढायला गेलेले. रात्रभर पाऊस पडून गेला होता, वर ऊन निघालं होतं आणि त्या काळ्या रानातून वाफ उठत होती. बायांची एक लांब ओळ वाकून पुढं सरकत होती. बाई त्या ओळीच्या टोकाला होती. तिनं मला आधी पाहिलं. उभी राहिली, मनगटानं कपाळ पुसलं, त्याला चिखल लागला.

"आला का रे, साहेब. बोल बरं थोडं इंग्रजी."

मी म्हटलं, "कॅट. म्हणजे मांजर."

"एवढ्यासाठी अमरावतीले गेला?" ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बाया खाली वाकल्यावाकल्याच हसल्या. मग माझ्याजवळ येऊन तिनं हळू आवाजात भराभर विचारलं. माय कशी आहे? बाबांचा गुडघा? "अन् झेंडू सगळाच मोडला का?" मी विहिरीजवळची ओळ सांगितली. तिनं मान हलवली, जणू तेवढीच बातमी तिला हवी होती. तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या आणि त्यांत काळी माती बसली होती. मी पाहतो आहे असं दिसल्यावर तिनं हात लुगड्यात गुंडाळून घेतले. "मायले सांगजो, हात बरे हायेत," ती म्हणाली. मी हातांबद्दल काही विचारलं नव्हतं.

तिची सासू बांधावर बसली होती. तिनं मला गूळ-पाणी दिलं, माझ्या शाळेची चौकशी केली, आणि मग माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती काही वाईट बाई नव्हती. मला आजही तसं लिहिता येणार नाही.

"धोंड्याले कोन लागते रे, बाबू?" तिनं विचारलं.

"जावई."

"मग जवाई नेजो. सुनेले कावून?"

मी म्हणालो, मायनं दोघांना बोलवलं आहे.

"बलावलं असंल. मले बी लेकी हायेत, मी बी बलावतो. पन इथं निंदणाले बाई भेटून नाई राहिली. दुप्पट देतो म्हनलं तरी भेटत नाई. ही गेली तर गवत पऱ्हाटीच्या वर जाईल. पंचमीले धाडतो. माहा शब्द हाये. चांगली पोळ्यापर्यंत ठेवा."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. नेम जावयाचा होता आणि जावई ती देत होती. बाईनं मला बांधापर्यंत पोचवलं. तिचा चेहरा उतरला होता, पण सासूकडं पाठ करून ती म्हणाली, "मायले म्हन, तूप लय तापवू नको. तिचे अनारसे हसतात." तुपात टाकल्यावर अनारसा विरघळून पसरला की आमच्या बायका तो हसला म्हणतात. "तिच्या वाटचं तेच हसतात," ती म्हणाली. मग ओळीत जाऊन वाकली. मी वळून पाहिलं तेव्हा सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या.

घरी मी मायला खरं ते सांगितलं, पण बहुधा मऊ करून सांगितलं असावं. किसन, म्हणजे आमचे जावई, तिला सोबत घेऊन येतीलच अशी आशा तिनं सोडली नाही. जावई यायच्या आदल्या दिवशी तिनं दोन पाट घासले.

त्या दिवशी वाण दिल्याशिवाय बोलायचं नाही असा तिचा नेम होता. गाडी आली ती ऊन चढल्यावर. किसन उतरले. त्यांनी डोक्याचं मुंडासं उगाच सारखं केलं. माय तांब्या घेऊन पुढं झाली, त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांना तसंच उभं ठेवून गाडीच्या मागच्या बाजूला गेली. छपराचा पडदा वर केला. आत बैलांची वैरण होती. तिनं पडदा हळूच खाली सोडला, नीट सारखा केला, परत आली आणि जावयाचे पाय धुऊ लागली.

आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतो. किसन तेव्हा विशीतही नव्हते. पाय तिच्या हातात असताना ते वरून बोलत होते. "मी म्हनलं होतं, मामी. मायले दोनदा म्हनलं. ती बी तयार होऊन बसली होती." मायला उत्तर देता येत नव्हतं. ती धूत राहिली. पाय स्वच्छ होऊन गेले होते, तरी धूत राहिली. शेवटी बाबा म्हणाले, "पुरे वं आता."

एका पाटावर जावई. दुसरा पाट रिकामा. तोही तिनं काढू दिला नाही. त्यापुढंही रांगोळी होती. तिनं विष्णूची म्हणून त्यांची पूजा केली, तबकात अनारसे, वर दिवा, आणि ते तबक उचलून त्यांच्या हातात देताना दिव्याची ज्योत अशी हलली की बाबांनी खालून हात लावला. वाण झालं. मौन सुटलं. ती काय बोलेल म्हणून आम्ही सगळे तिच्याकडं पाहत होतो.

"धोंडा घ्या अजून एक, बापू," ती म्हणाली. "गरम हाये."

किसन निघताना तिनं अनारसे फडक्यात बांधून दिले. वरचा थर एकदा उलगडून, जाळी चांगली पडलेले निवडून वर ठेवले.

त्यानंतर अकोटला पटकीची साथ आली. महिन्याचे थोडेच दिवस राहिले होते. डोंगराकडं पाऊस झाला होता आणि पूर्णा दोन्ही काठ सोडून वाहत होती. सकाळी पलीकडच्या काठावर एक माणूस येऊन उभा राहिला. नावाडी नाव घालायला तयार नव्हते. तो माणूस ओरडून सांगू लागला. पाण्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला ते पुनःपुन्हा ओरडावं लागलं, सगुणा गेली, सगुणा गेली, आणि इकडून कोणी हात वर करून कळलं म्हणेना, म्हणून तो थांबेना. माय नदीवरच होती, आंघोळीला आलेली. शेवटी तिनंच हात वर केला.

पूर ओसरला तेव्हा जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं. बाबा आणि मी गेलो. सासू बाबांपुढं कपाळ बडवून घेत होती. "पंचमीले धाडनारच होतो ना मी, पंचमीले धाडनारच होतो." मग जरा शांत झाल्यावर तिनं मला सांगितलं की अनारसे बाईनं सगळ्यांना वाटले. आपल्यासाठी ठेवलेला एक उंबऱ्यावर बसून सावकाश खाल्ला. म्हणाली, हा नाही हसला. हे मी मायला आल्याबरोबर सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं.

महिन्याचे उरलेले दिवस मायनं नेम सोडला नाही. दिलेल्या लेकीचं तीन दिवसांचं सुतक फिटल्यावर पुन्हा नदी, पुन्हा एक वेळ जेवण, पुन्हा दिवा. गंगाकाकू म्हणाली, आता कायले वं जीव जाळतं? माय म्हणाली, "धरलं तवा तिच्यासाठी धरलं होतं. आता सोडू कोनासाठी?" निज श्रावणात पंचमी आली. गावातल्या लेकी आल्या, लिंबाला झोके लागले. माय त्या दिवशी गाडीवाटेकडं पाठ करून वाती वळत बसली.

पुढच्या वर्षी तिथीचा प्रश्न निघाला. भटजींनी समजावून सांगितलं की अधिकात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध नेहमीच्या श्रावणातच करायचं, अधिक श्रावण काही दर वर्षी येत नाही. "ते दुसऱ्याची तिथी झाली, महाराज," माय म्हणाली. "माही लेक त्या श्रावणात नाई गेली." मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं. आता कॉलेजात गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं आहे की चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाला पुरत नाही, दर वर्षी थोडे दिवस मागं राहतात, आणि ते साठत साठत एक महिना होतो. मी ते वहीत उतरवून घेतलं. बरोबरच आहे. पण मायचे मागं राहिलेले दिवस कुठं साठत असतील, हे मला त्या गणितात घालता आलं नाही.

लढाई संपली तसा कापूस पडला. ज्या बैलांच्या शिंगांवर शेंब्या होत्या त्यांची शिंगं पुन्हा नुसती शिंगं झाली. विहिरीजवळच्या त्या एका ओळीतून बी धरून बाबांनी पुन्हा झेंडूचे वाफे घातले. आगगाडी आता अकोल्यापर्यंत येते. त्या गाडीनं मी यंदा सुटीत घरी गेलो, तर घरात अनारशाचं पीठ आंबत होतं. मी विचारलं, कोणासाठी?

"धोंड्याचा महिना हाये," माय म्हणाली. "जवाई हाये ना आपला."

किसननी दोन वर्षांमागं दुसरं लग्न केलं. मुलगी तेल्हाऱ्याची, नाव राही. बाबांना हे बोलावणं पटलं नव्हतं. "आता तो आपला कायचा जवाई?" ते म्हणाले. माय म्हणाली, "अन् त्याची बायको? ते बी कोनाची लेक हाये." तिनं दोघांनाही बोलवलं होतं. अकोटच्या सासूनं लगेच धाडलं. ज्येष्ठात रान मोकळं असतं, आणि आता निंदणाला बाया मागाव्यात तेवढ्या मिळतात.

गाडी आली. या वेळी दोघं उतरली. राही सतरा-अठराची असेल, गोल तोंडाची, फार घाबरलेली. तिला वाटत असावं की या घरात तिच्याकडं कोण कशा डोळ्यांनी पाहील. मायनं दोघांचे पाय धुतले. दोन पाटांवर दोघं बसली. किसननी मान वर केली नाही. माय राहीला कुंकू लावायला वाकली आणि तशीच थांबली. राहीच्या गळ्यात, डोरल्याच्या खाली, काळ्या दोऱ्यात चांदीचा एक लहानसा टाक होता. आमच्याकडं पहिली बायको गेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा असतो. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नाक-डोळे असे काही नसतात. दोन हात, एक घेर, झालं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या क्षणापर्यंत ते आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

राहीनं घाबरून टाकावर हात ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं हात काढला. "बाई हायेत," ती म्हणाली. "रोज आंघोळ घालतो मी त्याहीले. पहिला घास बी दाखवतो."

मायनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग त्याच बोटानं टाकाला लावलं. बोट तिथंच राहिलं.

वाण झाल्यावर ती म्हणाली, "राहा वं चार दिस." राहीनं नवऱ्याकडं पाहिलं. किसन म्हणाले, राहू दे. ती चार दिवस राहिली. मायनं तिला न्हाऊ घातलं, तिच्या डोक्याला तेल लावलं, विहिरीजवळ नेऊन झेंडू दाखवला. त्या दिवसांत घरात माय जितकं बोलली तितकं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. काय बोलत होती ते मी कान देऊन ऐकलं नाही. ऐकू नये असं वाटलं. एकदा कानावर आलं ते एवढंच: "हात पाहू दे तुहे." आणि राहीनं दोन्ही तळवे पुढं केले होते.

निघण्याच्या दिवशी मायनं तिची ओटी भरली. तिला न्यायला आलेले किसन गाडी जुंपून उभे होते. राही मागं, छपराखाली, आमच्याकडं तोंड करून बसली. बैल चालू लागले. माय वाटेच्या मध्यात उभी होती आणि पाहत होती. मी तिच्या बाजूला होतो, म्हणून मला दिसलं की ती राहीच्या तोंडाकडं पाहत नव्हती, थोडं खाली, गळ्याशी पाहत होती. राहीच्याही ते ध्यानात आलं असावं. तिनं पदर बाजूला केला, टाक बोटांनी छातीवर सरळ केला, आणि गाडी वळणाच्या आड जाईपर्यंत पदर तसाच हातानं दूर धरून बसली.